राखण

आबाजींच्या खाटेच्या उशाशी तेलाचा एक रिकामा पिपा टांगलेला असायचा. आधी तो वानरांसाठी होता. त्यांच्या घरामागे सांदवाडी, म्हणजे परसबाग, सांदवाडीच्या काट्यांच्या कुंपणापलीकडे बोडी, म्हणजे लहान तळं, आणि बोडीच्या पलीकडे जंगल. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, पण वानरांना त्या घरची वाट त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. सकाळी उन्हं मोहाच्या शेंड्यावर आली की टोळी कवेलूंवर उतरायची आणि तिथून थेट पोपटाच्या वेलावर. पोपट म्हणजे आमच्याकडचे वाल. आबाजी मांडवाखाली खाटेवर बसून काडीनं पिपा वाजवायचे आणि त्याबरोबर तोंडानं एक लांब हाळी द्यायचे. सत्तरी उलटल्यावर शेतीची कामं हातून सुटली तेव्हा त्यांनी एवढं एकच काम स्वतःकडे ठेवलं होतं, बायकोच्या वाडीची राखण.

मी त्या गावात लस देण्यासाठी, गरोदर बायांच्या तपासणीसाठी जायची तेव्हा हा आवाज मला रस्त्यावरूनच ऐकू यायचा.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून मला एकोणीस वर्षं झाली. आदिवासी भागात साधारण तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र धरतात, तसंच माझंही. माझं सगळं शिक्षण आणि पुढची बहुतेक नोकरी जन्माभोवती फिरलेली. कळा किती मिनिटांनी येतात, बाळ रडलं नाही तर पाठ कशी चोळायची, नाळ कधी कापायची, हे मला झोपेतही सांगता येईल. मरणाला मात्र माझ्या वहीत एकच रकाना होता. नाव, वय, तारीख, कारण. माणूस मरत असताना त्या घरात जाऊन काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी एका सांदवाडीत शिकले, आणि ज्या बाईनं शिकवलं तिला आपण काही शिकवतो आहोत याचा पत्ताही नव्हता.

२०२३ च्या मे महिन्यात गावात तपासणीचं शिबिर लावलं होतं. तिशीपुढच्या सगळ्यांचं रक्तदाब, साखर आणि तोंड तपासायचं. तोंडासाठी सोपी परीक्षा असते, स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायची. आबाजींच्या तोंडात दीड बोट जाईना. बॅटरी लावली तर डाव्या गालाच्या आत पांढरट, कडेला उललेली जखम. "किती दिवस झाले?" विचारलं तर म्हणाले, "संक्रांतीपासून हाये. तिखट लागते." मी त्यांच्या बंडीच्या खिशाकडे पाहिलं. खर्र्याची पुडी वर डोकावत होती.

खर्र्याबद्दल मी शांतपणे बोलू शकत नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदावर घासतात आणि तोच कागद गुंडाळून विकतात. पानठेल्यावर घासण्याचा तो आवाज आमच्या भागात सकाळी देवळातल्या घंटेच्या आधी सुरू होतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा समोर बसून घासून देतात. रोवणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बाया खातात, शाळेतली पोरं खातात, भूक मारायला खातात, दात दुखतो म्हणून खातात. मी घरोघरी जाऊन हे सांगते आणि माणसं मान हलवत माझ्यासमोर गालातला तोबरा या गालातून त्या गालात ढकलतात. आबाजींनी चाळीस वर्षं खाल्ला होता. मी त्यांच्या घरी त्याआधी किमान शंभर वेळा गेले असेन, आणि त्यांचं तोंड उघडून पाहायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. लसीकरणाच्या यादीत म्हाताऱ्याचं नाव नसतं ना. हे मला अजून टोचतं.

नागपूरला नेलं. तुकडा तपासायला गेला, शेक सुरू झाले, अर्ध्यात थांबवले. गाठ मानेत उतरली होती. पोळ्याच्या महिनाभर आधी आबाजी नाकात नळी घेऊन परत आले. सोबतच्या कागदावर बरंच काही होतं, पण मुलगा आणि सून ज्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहत होते ती शेवटची होती, घरी काळजी घ्यावी. आबाजींची बायको, आजी, कागद वाचू शकत नव्हती. तिनं विचारलं, "घरी काळजी म्हंजे काय कराचं, बाई?"

आणि मला उत्तर देता आलं नाही.

देशात हे काम कुणी केलेलंच नाही असं नाही. मुंबईत वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' १९८६ पासून आहे. केरळनं तर २००८ साली यासाठी राज्याचं धोरणच केलं, तिथं शेजारीपाजारी प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जातात. आमच्या उपकेंद्रावरही 'आरोग्यवर्धिनी'ची नवी पाटी लागली, आणि तिथं मिळायच्या बारा सेवांमध्ये म्हाताऱ्यांची आणि बऱ्या न होणाऱ्या आजाऱ्यांची शुश्रूषा ही एक सेवा लिहिलेली आहे. पाटीवरून ती आबाजींच्या खाटेपर्यंत कशी न्यायची, हे मला एक-एक दिवस करत शोधावं लागलं. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी तरुण होते आणि फोन उचलायचे. माझ्या कामात यापेक्षा मोठी मदत नसते.

आता त्या वाडीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं.

ती वाडी काही फार मोठी नव्हती. चार खाटा आडव्या-उभ्या टाकल्या तर भरेल एवढी लांबी, त्याच्या अर्धी रुंदी. पण बोट ठेवायला रिकामी जागा नाही. न्हाणीचं पाणी एका अरुंद दांडानं कोचईच्या आळ्यात जायचं, तिथून केळीला, केळीतून झिरपून उरलेलं सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वाफ्याला. कुंपणाच्या काटेरी झिलप्यांवर दोडका आणि कारलं. मांडवावर लवकी, म्हणजे दुधी, आणि कोहळं. कोपऱ्यात मुनगा, त्याच्या बुंध्याला पोपटाचा वेल गुंडाळलेला. मागच्या सालची वांग्याची झाडं छाटून ठेवलेली, त्यांना नवी पालवी. मावा पडला की चुलीतली राख चाळून पहाटे दवावर उधळायची. हे मी नंतर माझ्या घरच्या कुंडीत करून पाहिलं, उपयोग होतो. मधेच कुठं भेदऱ्याचं, म्हणजे टोमॅटोचं रोप आपसूक उगवलेलं असलं तर आजी ते उपटायची नाही, त्याच्या भोवती वाफा वळवायची.

घरात चुलीच्या वर बांबूच्या दांडीला वाळक्या लवकीचे तुंबे टांगलेले. त्यात बिजवाई. काकडीचं, लवकीचं बी राखेत घोळवून, पोपटाचं कडुनिंबाचा पाला घालून. धूर लागतो म्हणून कीड लागत नाही. कोहळ्याच्या बिया शेणात थापून भिंतीला लावलेल्या, गोवरीसारख्या. कुठलं बी कुणाच्या घरून आलं ते तिला पाठ होतं. हे माझ्या आत्याकडून आणलं, ती जाऊन बत्तीस वर्षं झाली. हे सासूचं. हे एका गोंड बाईनं कचारगडच्या जत्रेत पदरातून काढून दिलं होतं. मी तिला एकदा राहीबाई पोपेरेंबद्दल सांगितलं, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावची बाई, गावरान बी जपलं म्हणून २०२० च्या यादीत पद्मश्री मिळाला. फोनवर फोटो दाखवला. आजीनं फोटो बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, "तिच्याकडे लांब मानेची लवकी हाये का?"

ही माणसं कोहळी. पाण्यामागं चालणारी जात. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, आणि ते आता कोलासूर नावानं देव होऊन पाळीवर बसले आहेत. सात बहिणींच्या डोंगरांनी वेढलेलं ते पाणी पाहिलं की फावडं आणि टोपली घेऊन माणसांनी काय करून ठेवलं आहे ते कळतं. आमच्या भंडारा-गोंदियात असे शेकडो तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक 'मामा तलाव' म्हणतात. आबाजी तरणेपणी गावाच्या तलावाचं पाणी वाटायचे. कुणाच्या बांधीला पाणी किती दिवस, कुणाची पाळी कधी, तूड कधी उघडायचं, कधी बंद करायचं. भांडणं व्हायची, पण आबाजींनी दिलेला शब्द मोडत नसत, असं गावातले जुने लोक सांगतात.

नळीतून जेवण घालायला मी आजीला शिकवलं. आजारी माणसाचं डोकं आणि छाती उंच करायची. आधी थोडं पाणी सोडून नळी मोकळी आहे का पाहायची. मोठ्या पिचकारीनं हळूहळू, आपल्या श्वासाच्या लयीनं, मग पुन्हा पाणी. पुढं अर्धा तास आडवं करायचं नाही. नागपूरहून आणलेल्या डब्यातली पावडर आठ दिवसांत संपली, महाग होती. मग आजीनं वाडीकडे पाहिलं. लवकी शिजवून, घोटून, धोतराच्या जुन्या कापडातून दोनदा गाळून. कोहळ्याचं पातळ सार. मुनग्याच्या पाल्याचं पाणी. तांदळाची पेज तर होतीच. एकही तंतू राहिला तर नळी तुंबते, हे एकदाच सांगावं लागलं. मी साठ पेशंटना वर्षभर समजावून जे होत नाही ते तिनं दोन दिवसांत केलं, कारण बारीक रोपाला पाणी घालताना हात कसा धरायचा हे त्या हाताला आधीच ठाऊक होतं. धार मुळावर पडू द्यायची नाही. मी तिला पिचकारी धरताना पाहिलं तेव्हा मला वाफ्यातला तिचा हातच दिसला.

जखमेला वास यायला लागला होता. हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहायला हवं, कारण या वासानंच माणसं आपल्याच माणसाच्या खोलीत जायची थांबतात. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर भुरभुरायची आणि वर ओलसर जाळी ठेवायची, वास पुष्कळ कमी होतो. डॉक्टरांनी सांगितलं, मी रोज करायची. आजी उशाशी मरवा आणि गवती चहाची चुरडलेली पानं ठेवायची. नातू परत खोलीत येऊ लागला, आणि आपल्या आबाजींच्या मांडीशी बसून पाढे म्हणू लागला.

दुखणं थांबायला मॉर्फीन लागलं. हे औषध मिळायला १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळं फार अवघड होतं. २०१४ साली त्यात दुरुस्ती झाली, तरी आमच्यासारख्या आडगावात ते अजून नागपूरहूनच यायचं. मुलगा गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला. तो दर पंधरा दिवसांनी नागपूर करून, गोंदिया-बल्लारशा गाडीनं अर्जुनीला उतरून गोळ्या घरी आणायचा. दर चार तासांनी एक, कुटून, नळीतून. सोबत पोट साफ व्हायचं औषध न चुकता. पहिल्या रात्री आबाजी सहा तास सलग झोपले, आणि आजी घाबरून माझ्याकडे माणूस पाठवून मोकळी झाली. मी जाऊन पाहिलं तर ते मंद घोरत होते. तिला ते घोरणं महिन्याभरात ऐकायलाच मिळालं नव्हतं.

श्रावण संपता संपता त्यांची वाचा गेली. तेव्हा तो पिपा मांडवाखालून खाटेच्या उशाशी आला. कल्पना नातवाची होती. एक टोला म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस बदला. तीन म्हणजे दुखतं. आणि वानरं आली की जेवढं हातात बळ असेल तेवढं. खाट खिडकीजवळ होती, तिथून मांडव दिसायचा. हाळी देता येत नव्हती, पण राखण चालू होती. आजी वाडीत निंदत असली तरी तिचे कान पिप्याकडे. शिवाय नातवाची एक पाटी होती, लेखणी दोऱ्यानं बांधलेली. आबाजी तिसरीपर्यंत शिकलेले, पण अक्षर ठसठशीत, पाणी वाटपाची वही लिहिणाऱ्या माणसाचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद निघाली. पोरं गल्लीतून ओरडत जातात आणि रोगराईला, ढेकणा-डासांना, खोकल्याला गावाबाहेर घेऊन जायला सांगतात. नातवानं त्या यादीत मधेच, मोठ्यानं, आबाजीच्या तोंडातला फोड घातला. बाकीच्या पोरांनीही तो उचलला. पूर्ण गल्ली आबाजींच्या फोडाला गावाबाहेर ने म्हणत निघून गेली. मी तेव्हा पट्टी करत होते. आबाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि डोळ्यांच्या कडा हसत होत्या.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. पट्टी करून मी मागच्या दारी हात धुतले. तांब्यात पाणी उरलं होतं. मांडवाच्या खांबाशी लवकीचा एक वेल पिवळा पडत चालला होता, त्याला वर एकच मोठी, लांब मानेची लवकी. मला वेल सुकलेला पाहून वाईट वाटलं, आणि मी तांब्या त्याच्या मुळाशी ओतायला गेले. आजी निंदता निंदता उठली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"तिथी नोको. थे बियाची लवकी हाये."

मी म्हटलं, "अहो पण वाळून चाललाय वेल."

"वाळूच द्याचा. पानी देत रायलं तर थे आतून सडते. पानी तोडलं, बाई. राखन नाई तोडली." आणि तिनं वर बोट केलं. त्या लवकीला तिनं जुन्या लुगड्याच्या पट्टीची झोळी करून मांडवाला बांधलं होतं, देठावर भार येऊ नये म्हणून. वरून काट्याची एक फांदी टाकली होती, वानराचा हात पोहोचू नये म्हणून. साऱ्या वाडीत त्या लवकीइतकी जपणूक दुसऱ्या कशाची नव्हती. आणि पाणी फक्त तिलाच नव्हतं.

मी तांब्यातलं पाणी सांभारावर ओतलं आणि घरी आले. त्या रात्री मला आईची आठवण फार आली.

माझी आई २०१९ साली गेली, एका शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. शेवटचे सहा दिवस काचेच्या आड. मीच सही केली होती. "सगळं करा" म्हणाले होते, कारण मी नर्स, मी कमी कसं करणार? घशात नळी, हाताला बांधलेल्या पट्ट्या, अंगावर सूज एवढी की बोटातली अंगठी कापून काढावी लागली. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं भेट. ती शुद्धीवर होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिथल्या लोकांनी त्यांचं काम केलं. त्यांनी मला काय करता येईल ते विचारलं, आणि मी सगळ्यालाच हो म्हणत गेले. थांबायचं असं काही असतं, हे माझ्या मनाला शिवलंही नाही. मला वाटायचं, थांबणं म्हणजे सोडून देणं. चार वर्षं मी याच्याशी भांडत होते, आणि एका वाळत्या वेलापाशी कुणीतरी माझं मनगट धरलं.

दिवाळी झाली. गावाची मंडई ठरली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार, रात्री नाटक, लेकी माहेरी, पाहुण्यांनी घरं भरलेली. धान कापून बांधीत पडले होते. आबाजींना आता नळीतलं पचत नव्हतं. दिलेलं वर यायचं, छातीत घरघर सुरू झाली. आजीनं मात्रा अर्धी केली, मग पाव, तरी तेच. मुलगा मंडईसाठी आला होता. जवळच्या गावातला एकजण घरी येऊन सलाईन लावायला तयार होता, एका बाटलीचे पैसेही त्यानं सांगून टाकले होते. मुलगा मला म्हणाला, "ताई, बाबांना उपाशी नाही ना मारायचं आपण?"

मी उत्तर जुळवत होते. शरीर विझायला लागलं की अन्नपाणी वापरता येत नाही, सलाईनचं पाणी छातीत आणि पायांत साचतं, घरघर वाढते, श्वास जड होतो. सगळं खरं होतं, पण मुलाच्या तोंडाकडे पाहून एकही शब्द बाहेर येईना. तेवढ्यात पिप्यावर टोला पडला. एकच. आजी पाणी घेऊन गेली. आबाजींनी मान हलवली आणि पाटी मागितली. लेखणी धरायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी दोन शब्द लिहिले, नाकातल्या नळीला बोट लावलं आणि पाटी मुलाकडे फिरवली.

पानी तोडा.

मुलगा बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्यानं लहानपणी हे शब्द किती वेळा ऐकले असतील. धान पिकून पिवळा पडला की तलावाचा पाणीवाटप्या बांधावरून हेच ओरडत जातो. त्या घरात पाणी बंद करणं ही कधीच शिक्षा नव्हती. ते पीक तयार झाल्यावरचं काम होतं, आणि ते वेळेवर झालं नाही तर धान आडवा होतो, लोंबीला मोड येतात.

मी डॉक्टरांना फोन केला. ते संध्याकाळी स्वतः आले, आबाजींशी पाटीवर पाऊण तास बोलले, मुलाशी त्याहून जास्त. दुसऱ्याच दिवशी नळी काढली. अशा वेळी नको म्हणण्याचा हक्क माणसाला असतो, आणि सन्मानानं मरण्याच्या त्या हक्कावर सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला आहे, हे मला त्यांनी त्या दिवशी सांगितलं. नाकातून नळी निघाल्यावर आबाजींचा चेहरा पुन्हा त्यांचा झाला. कित्येक महिन्यांनी मिशी पूर्ण दिसली.

त्यानंतर चार दिवस. मला वाटलं होतं आता मला काही काम उरणार नाही. एवढं काम मी एखाद्या बाळंतपणातही केलेलं नाही. दर तासाला कापसाचा बोळा ओला करून ओठ, हिरड्या, जीभ पुसायची. ओठांना तूप. दोन तासांनी कूस. टाचांखाली मऊ घडी. गोळीची पूड दोन थेंब पाण्यात कालवून गालाच्या आत, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, रात्री अलार्म लावून. घरघर वाढली की मान एका बाजूला वळवायची. मुलाला मी कापूस धरायला शिकवलं. पहिल्यांदा त्याचा हात थरथरला. तिसऱ्या दिवशी तो मला खोलीत येऊ देईना, "मी करतो, ताई, तुम्ही चहा घ्या." सलाईनचा विषय पुन्हा निघाला नाही.

आजीनं तिची खाट ओढून त्यांच्या खाटेला लावली. पिप्याची काडी तिनं आता स्वतःकडे घेतली होती. वानरं आली की बसल्या जागेवरून ती वाजवायची, हळू, त्यांना दचकवणार नाही इतपत. मला आठवतं, ती त्यांना वाडीतलं सांगत असायची. कारल्याला शेवटचा बहर आला. मुनग्याला फूल लागलं. भेदरे पिकायला लागले, एक चिमणीनं टोचलं. उत्तर येत नव्हतं, आणि ती उत्तरासाठी थांबतही नव्हती. माणसाला शेवटी ऐकू येत राहतं असं आम्ही घरच्यांना सांगतो. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मंडईच्या रात्री गावात नाटक लागलं होतं. पेटीचा आवाज वाऱ्यावर येत होता. आबाजी तरणेपणी दंडारीत नाचत, हे मला सून सांगत होती. पहाटे तीनच्या पुढं श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. मुलगा एका बाजूला, आजी दुसऱ्या बाजूला, नातू पायथ्याशी झोपलेला. मी दाराशी उभी होते. कळांमधलं अंतर मोजायची सवय असलेली मी त्या श्वासांमधलं अंतर मोजत होते, आणि मग मोजायचं सोडलं. आजीनं त्यांच्या ओठांवर कापूस टेकवला. तो तसाच ओला राहिला.

तिनं हंबरडा फोडला नाही असं मी म्हणणार नाही. फोडला, खूप मोठ्यानं, आणि सगळी गल्ली जागी झाली. शहाण्या माणसानं रडू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी ते ऐकायला हवं होतं. त्या रडण्यात काहीही राहून गेलेलं नव्हतं. माझ्या आईच्या वेळी मी रडू शकले नव्हते.

पाचव्या दिवशी मी उरलेल्या गोळ्या घ्यायला गेले. ते औषध घरात पडून राहू द्यायचं नसतं. चौदा गोळ्या मोजून घेतल्या. सुतक होतं. सुतकात बिजवाईच्या झाडाला हात लावायचा नाही अशी त्या घरची रीत, म्हणून आजी मागच्या ओट्यावर बसून वाडीकडे नुसती पाहत होती. वाडीची दशा झाली होती. पिपा वाजवणारं कुणी नव्हतं, पोपटाचा वेल वानरांनी मुळापासून ओढला होता. झोळीतली लवकी तेवढी काट्याच्या फांदीखाली जशीच्या तशी होती. आजी मला म्हणाली, "तुले सुतक नाई. जरा हालवून पाह्य."

मी मांडवाशी जाऊन ती हलवली. आत बी खुळखुळलं.

"झाली," आजी म्हणाली. "पन राहू दे. तेरवीनंतर उतरवू."

तेरवी झाली, डिसेंबर गेला. माझ्या कामाच्या वाटा बदलल्या, कुष्ठरोगाची शोधमोहीम लागली, त्या गावाला महिनाभर जाणं झालं नाही. मधल्या काळात दुसऱ्या एका गावात अशाच एका घरी गेले. तिथंही मुलगा सलाईनबद्दल विचारत होता. मी त्याच्या हातात आधी कापूस दिला, बोलले नंतर.

पुस महिन्यातल्या एका सकाळी गाडीवरून त्या गावाच्या वळणाला आले, धुकं होतं. आणि पिपा ऐकू आला. एक, दोन, तीन टोले. मी गाडी थांबवली. माझा हात पिशवीतल्या गोळ्यांच्या डबीकडे गेला होता. डबी पिशवीत नव्हती, असायचं कारणही नव्हतं. चौथा टोला पडला, पाचवा पडला, मग ते मोजता येईनात.

मागच्या बाजूनं गेले तर आजी मांडवाखाली खाटेवर बसली होती, डोक्यावरून पदर, हातात काडी. कवेलूंवरून टोळी मोहाकडे पळत होती. उपटलेल्या पोपटाच्या जागी तिनं त्याच हंगामात नवा वेल लावला होता, उशिरा का होईना, त्याला चार शेंगा धरल्या होत्या.

"आता हाळी देता येते का, आजी?" मी विचारलं.

"थेच शिकून रायली," ती म्हणाली, आणि घसा खाकरून, मान वर करून तिनं एक हाळी दिली, लांब, जरा चिरकी. वानरांनी मागं वळून पाहिलं.